धाकट्या माथ्यावरचा उजेड

पनवेलला डोंगर आहेत का, असं मला नाशिकच्या आमच्या भिशीतल्या बायका विचारतात. त्यांचाही दोष नाही. पनवेल म्हणजे त्यांच्या लेखी गाडी बदलायचं, वडापाव खायचा आणि बाथरूम कुठे आहे ते विचारायचं ठिकाण. मी तिथे जन्मले, लग्न होईपर्यंत गाढी नदीच्या पाण्यावर पोसले, पण हे सांगायला लागले की समोरची बाई जरा कीव आल्यासारखीच बघते. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं. या पौषात, साठी उलटलेली मी आणि माझा धाकटा भाऊ उदय यांनी एका दिवसात चार डोंगर केले. खरं तर मी चार केले आणि त्याने तीन, पण ते ओघाने येईलच.

हे डोंगर कुठल्या पुस्तकात सापडायचे नाहीत. प्रबळगडाला सगळे जातात, कर्नाळ्याला शाळेच्या सहली जातात. आमचे चार त्यांच्यापुढे अगदीच किरकोळ. माथेरानच्या पायथ्याला धोदाणी गाव आहे, त्याच्या डोक्यावरून एक धार घोड्याच्या नालासारखी वळून परत गावाशीच उतरते, आणि त्या धारेवर हे चार माथे आहेत. त्यांची खरी नावं तिथल्या ठाकरांना ठाऊक. आमच्या घरातली नावं बाबांनी ठेवलेली होती. पहिल्यावर झाड नाही म्हणून तो बोडका. दुसरा सपाट म्हणून पाटा, आणि त्याच्या शेजारचा लांबोडका आपोआपच वरवंटा. शेवटचा सगळ्यांत ठेंगणा, इतरांच्या आडून डोकावणारा, तो धाकटा.

बाबा पनवेलच्या एका भातगिरणीत फिटर होते. अमावास्येला गिरणीच्या पट्ट्याला कोणी हात लावायचं नाही असा तिथला रिवाज, म्हणून त्या दिवशी सुट्टी. पौषातल्या अमावास्येला बाबा आम्हा दोघांना पहाटे उठवून धोदाणीला न्यायचे आणि चारही माथे करून रात्रीच्या जेवणाला घरी आणायचे. आई यायची नाही. आई गच्चीत उभी राहायची, कारण तिच्याकडे वेगळं काम असायचं.

ते काम आता नीट सांगते, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. बाबांच्या खिशात दाढीचा आरसा असायचा आणि आईच्या हातात तिच्या फणीपेटीतला. सकाळी ऊन डोंगराच्या मागून येतं, त्यामुळे पहिल्या माथ्यावरून पनवेलकडे आरसा धरून उपयोग नाही, सूर्य पाठीशी असतो. तेव्हा उजेड आईने पाडायचा आणि आम्ही वरून बघायचा. दुपार कलली की ऊन खाडीकडे जातं आणि उलटं होतं. मग बाबांनी आरसा दाखवायचा आणि आईने बघायचा, तिला उत्तर देता यायचं नाही. मधल्या पाट्यावर ऐन दुपारी दोघांनाही जमायचं. आणि शेवटच्या धाकट्यावरून बाबांचा उजेड दिसला की आईने खाली जाऊन तांदूळ धुवून निथळत ठेवायचे, वालाच्या बिरड्याला नारळ फोडायचा. आम्ही दार वाजवेपर्यंत भाताला दम बसलेला असायचा.

दारात पाय ठेवताना बाबा चपला काढायच्या आधी विचारायचे, "चौथा दिसला का?" आणि आई आतूनच म्हणायची, "दिसला की." बाबा सहा फुटी माणूस, आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांच्या चौकटीला रोज कपाळ आपटून घेणारा. आई त्यांच्या खांद्याच्याही खाली. पण त्या दोन शब्दांनी तो एवढा मोठा माणूस असा काही खुलायचा की आम्हालाच हसू यायचं.

विचुंबे, सातवा मजला

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. जुनी जागा सोडून उदयने विचुंब्याला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आई त्याच्याकडे असते. जानेवारीत मी गेले तेव्हा आई बाल्कनीत खुर्ची टाकून बसलेली. मला वाटलं ऊन खाते आहे. जवळ गेले तर म्हणाली, बघ, चारही दिसतात.

खरंच दिसत होते. समोर दोन इमारतींच्या मधून एक फट होती, आणि त्या फटीत डावीकडून उजवीकडे बोडका, पाटा, वरवंटा आणि अगदी कडेला धाकटा. पण धाकट्याच्या खालीच नव्या इमारतीचं काम चाललेलं. सहा-सात मजले वर आले होते. शेजारी पिवळी क्रेन उभी. आणखी एक स्लॅब चढला की धाकटा जाणार, त्याच्या पुढच्याला उरलेले तिन्ही. आईने हे सगळं मला असं सांगितलं, जसं कुणाच्या लग्नाचा मुहूर्त सांगावा. मग म्हणाली, त्याच्या आत तुम्ही दोघं जाऊन या, मला एकदा चारही माथ्यांचा उजेडाचा खेळ पुरा करायचाय, मग बांधा म्हणावं वीस मजले.

उदयने व्हिडिओ कॉल सुचवला. दोन्ही डोळ्यांची मोतिबिंदूची ऑपरेशनं झाल्यापासून आई स्वतः सुईत दोरा ओवते आणि त्याचा तिला फार तोरा आहे. ती म्हणाली, फोनवर काय, कुणीही कुठूनही दिसतो. विषय संपला.

पुढचे चार-पाच दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर बेत चालला. उदय प्रत्येक गोष्ट फोनवर करणारा. त्याने नकाशा काढला, चढ मोजला, वेळ लावली आणि जाहीर केलं की आपण उलटं जायचं. धाकट्याच्या पायथ्याच्या वाडीपर्यंत आता डांबरी रस्ता झालाय, सकाळी ताजेपणी तो उरकायचा आणि बोडक्यावरून उतरायचं. मलाही ते पटलं. पंचावन्न वर्षांचा मधुमेही माणूस आणि गुडघ्यांना पट्टे बांधणारी बाई यांनी ताजेपणाचा विचार करायलाच हवा.

आईने आमचं सगळं ऐकून घेतलं. मग स्वयंपाकघरातून चार बटाटे आणले, ओळीने मांडले, पलीकडे कणकेच्या डब्याचं झाकण ठेवलं, ती आमची इमारत. आणि मोबाईलचा टॉर्च बटाट्यांच्या मागून लावला.

"सकाळी धाकट्यावर जाशील तर आरसा दाखवशील कसा?" तिने उदयला विचारलं. "ऊन काय तुझ्या हाताखाली नोकरीला आहे?"

उदयने कपाळाला हात लावला. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बाबांनी हे आम्हाला दरवेळी समजावलं होतं आणि दोघांनीही ते डोक्यातून धुऊन टाकलं होतं. मग सगळा बेत बाबांच्याच पद्धतीने परत बसवला. पहाटे निघायचं, बोडक्यावर सकाळी, पाट्यावर ऐन दुपारी, वरवंटा जेवणानंतर आणि धाकट्यावर ऊन उतरायच्या आत. आई बटाटे उचलता उचलता पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, बाकीचं काही राहिलं तर राहू दे, धाकटा चुकवू नका. मला वाटलं भाताची सवय. तिला म्हटलंही की अगं आता कुकर आहे, तीन शिट्ट्यांत भात होतो. तिने नुसता टॉर्च बंद केला.

उदय इमारतीच्या सुपरवायझरला भेटून आला. तो म्हणाला, अमावास्येला आम्ही स्लॅब टाकत नाही, मालक मानतो, दुसऱ्या दिवशी सकाळी टाकणार. आमच्या घरात एवढ्या गोष्टी अमावास्येवर अवलंबून राहिल्यात की ती अशुभ आहे असं मला कधी वाटलंच नाही.

धोदाणी

पहाटे निघालो. नवीन पनवेलच्या झगमगाटातून बाहेर पडून मालडुंग्याच्या रस्त्याला लागलो की अजूनही खिडकी उघडावीशी वाटते. पूर्वी भाताच्या खाचरांवर दव असायचं. दव आताही आहे, फक्त ते आता फार्महाऊसांच्या हिरवळीवर पडतं. गाढीचं पात्र तेवढं तसंच होतं, मोठमोठे गोटे आणि मधून वाहणारं बोटभर पाणी. मी गाडी थांबवायला लावून हात घालून आले. उदय म्हणाला, झालं, आत्ताच घोडं पेंड खायला लागलं.

धोदाणीत बारकी वाट बघत होती. बारकी माझ्याच वयाची, तिथल्या ठाकरवाडीतली. बाबा दरवर्षी तिच्या वडिलांच्या अंगणात चहाला थांबायचे आणि आम्ही दोघी आरशात तोंड बघण्यावरून भांडायचो. तिचं घर आता सिमेंटचं आहे, दारात तिचं स्वतःचं चहाचं दुकान आहे आणि तिची जीभ माझ्यापेक्षाही धारदार झाली आहे. मला बघून म्हणाली, तू लय फुगलीस, चढशील ना. मी म्हटलं, तू ये बरोबर, नाही चढले तर ढकल.

कोरा चहा दिला, गवती चहा आणि भरपूर गूळ घातलेला. आमच्या नाशिककडे चहात दूध कमी पडलं तर पाहुणा मनातल्या मनात नाराज होतो. इथे दूध सगळं डोक्यावरून माथेरानला विकायला चढायचं, म्हणून घरचा चहा कोरा, आणि पिढ्यांनंतर आता तोच आवडीचा. दोन कप प्यायले. बारकीने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणीही बांधून दिली, आईने दिलेला डबा असताना. नाही म्हणायची सोय नव्हती.

जुनी वाट जिथून वर चढायची तिथे आता तारेचं कुंपण आहे, आत कुणाचा तरी बंगला, निळ्या टाकीतलं पोहण्याचं पाणी आणि दोन भुंकणारे कुत्रे. मी वाटेवरचा आंबा शोधत होते, ज्याच्या खाली बाबा बिडी विझवायचे. आंबा कुंपणाच्या आत गेलाय. बारकी म्हणाली, चल, बघत बसू नको, आमी आता नाल्यातून जातो.

बोडका

नाल्यातून जाताना माझे आणि उदयचे नाकी नऊ आले. कारवीची वाळलेली झुडपं अंगाला लागत होती, पायाखाली गोटे. बारकी पुढे, हातात कोयती, पायात प्लास्टिकची चप्पल. मी दर पाच मिनिटांनी पाणी प्यायला थांबत होते आणि ती दर पाच मिनिटांनी नातवंडांच्या गोष्टी सांगत होती, एवढा दम तिच्यात.

माथ्यावर आलो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. मी घाईघाईने पनवेलकडे तोंड करून उभी राहिले आणि माझं काळीजच बसलं. पूर्वी तिथे धुक्यातून एक देऊळ, गिरणीचं लांब कौलारू गोदाम आणि थोडी झाडं दिसायची, त्यात आईचा उजेड असा उठून दिसायचा. आता खालपासून खाडीपर्यंत इमारतीच इमारती, आणि प्रत्येकीला काचा. सकाळच्या उन्हात सगळं पनवेलच चमकत होतं. त्यातली माझी आई कुठली हे कसं ओळखायचं?

उदयने फोन लावला. त्याची बायको स्वाती आईजवळ होती. ती म्हणाली, आई मघापासून आरसा धरून उभ्या आहेत, हात दुखतील म्हटलं तरी ऐकत नाहीत. मग आरशाची आईची जुनी खूण आठवली. उघडायचा, झाकायचा, तीनदा. मग थांबायचं. मी डोळे बारीक करून पिवळी क्रेन शोधली, तिच्या बाजूला नजर लावून बसले. आणि दिसलं. सगळ्या काचा एकसारख्या पेटलेल्या होत्या, एकच ठिपका तेवढा लागत होता आणि विझत होता. तीनदा, आणि थांबायचा.

मला रडू आलं, त्यात लाज कसली. उदयही दुसरीकडे तोंड करून बुटाची नाडी बांधत बसला, जी सुटलेली नव्हती.

पाटा आणि वरवंटा

पाट्यावर पोचेपर्यंत डोक्यावर ऊन आलं. हा माथा इतका सपाट की बाबा इथे आम्हाला लंगडी खेळायला लावायचे. बाबांचा तोच दाढीचा आरसा आईने रुमालात गुंडाळून दिला होता, कडेचा पारा गेलेला. तो धरायची त्यांची रीत मला पाठ होती. डावा हात पुढे, दोन बोटं फाकवायची, त्यांच्या मधे पनवेल धरायचं, आणि उजव्या हातातल्या आरशाचा उजेड बोटांवर पाडायचा. बोटांवर पडला म्हणजे तिथे पोचला. मग झाडू मारावा तसा हळूहळू इकडून तिकडे फिरवायचा. मी तसं केलं आणि लगेच स्वातीचा फोन आला, आईंना दिसलं. खालून आईनेही दाखवलं. जीव भांड्यात पडला.

बारकी आरसा हातात घेऊन आपला चेहरा बघत म्हणाली, "गिरणीवालं बाबा शेवटच्या डोंगरावून खाली येयाचंच नाय. उजेड मारीत बसायचं. माजा बा बोलायचा, आरं आता ती बाय झोपली असंल."

मलाही ते आठवत होतं. धाकट्यावर आम्ही कंटाळून जायचो. दुपारी आईला उत्तर देता यायचं नाही, म्हणून बाबांना कळायचंच नाही की तिला दिसलं की नाही. ते आपले आरसा फिरवत बसायचे, सूर्य लाल होईपर्यंत.

वरवंट्यावर जेवलो. आईचा डबा, बारकीची भाकरी, सुकट, आणि उदयने लपवून आणलेला चिवडा, जो त्याच्या डॉक्टरांना कळता कामा नये. तिथूनही उजेड पोचला. स्वातीने कळवलं, तिसरा दिसला, आई खूश आहेत. उदयने मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, ताई, जमलं गं आपल्याला. हे त्याने बोलायला नको होतं.

वरवंट्याची उतरण मुरमाची. त्यावर वाळलेलं गवत आडवं झालेलं. बारकी म्हणाली, पाय आडवे टाका. उदय फोनवर बाबांच्या वेळेशी आपली वेळ ताडून बघत चालला होता. त्याचा पाय सटकला, बसून घसरला, आणि खाली खिंडीत येऊन थांबला तेव्हा डावा घोटा धरून बसला. मोडला नव्हता, पण बघता बघता सुजला. फोन त्याच्या हातातून निसटून दगडावर आपटला आणि काळा पडला.

माझ्या फोनला त्या खिंडीत रेंज नव्हती. ऊन उतरायला लागलं होतं. खिंडीतून एक वाट सरळ गावात जात होती आणि दुसरी धाकट्यावर. उदय माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, जाऊ दे, खाली जाऊ, आईला समजावू.

"बावळटासारखं बोलू नको," तो म्हणाला. "उद्या स्लॅब पडणार. तू जा."

बारकी म्हणाली, मी ह्याला घेऊन उतरते, तू वाटेने सरळ जा, चुकायला काय नाय. मी आरसा कमरेला खोचला आणि निघाले.

धाकटा

धाकट्याचा चढ फार नाही, पण दिवसभराचे पाय आणि एकटेपण. पूर्वी या चढावर बाबा पुढे आणि मी त्यांच्या सावलीत पाय टाकत मागे. सावली लांब असायची, त्यामुळे मला ती नेहमी पुरायची. आता माझीच सावली मागे पडली होती.

माथ्यावर बाबांचा दगड तसाच होता, बसायला जरा तिरका. मी बसले. समोर सगळी धूळ. खाणींचा धुरळा आणि थंडीचं धुकं मिळून पनवेलवर तपकिरी पडदा ओढल्यासारखा, त्याच्या वर सूर्य. क्रेन दिसेना. फोनला रेंज नाही. मी दोन बोटं फाकवली, मधे अंदाजाने पनवेल धरलं, बोटांवर उजेड घेतला आणि फिरवायला लागले.

किती वेळ फिरवत होते मला माहीत नाही. हात भरून आले की बदलायचे, परत फिरवायचं. कळायला काही मार्ग नाही, की पोचतोय की त्या धुळीतच जिरतोय. बाबा दरवर्षी इथे असेच बसत असतील, हे मला साठीनंतर कळलं. लहानपणी मी त्यांना म्हणायचे, बाबा, चला ना, भूक लागली. ते म्हणायचे, अजून थोडं, आई बघत असेल. तेच मी आता मोठ्याने म्हटलं. ऐकायला कोणी नव्हतं, एक घार होती.

सूर्य लाल झाला, उजेड बोटांवर पडेनासा झाला, तेव्हा उठले.

परत

खाली आले तेव्हा वाडीच्या शेतात पोपटी लागली होती. नाशिककडे जसा हुरडा, तशी इकडे थंडीत पोपटी. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा-मीठ घालून मडकं उपडं करायचं आणि वरून पेंढा पेटवायचा, पाण्याचा थेंब नाही. त्या पाल्याचा वास आला की मला पनवेलच्या सगळ्या थंड्या एकदम आठवतात. बारकीने बसायचा आग्रह केला. मी म्हटलं, आज घरी जायचंय. तिने शेंगा पानात बांधून दिल्या आणि उदयच्या घोट्याला बांधलेला पाला काढू नका असं बजावलं.

गाडी मी चालवली. उदय शेजारी बसून सुजलेल्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होता. मालडुंग्याच्या पुढे माझ्या फोनला रेंज आली तसा त्याने घरी लावला. स्वाती म्हणाली, चौथ्याचं मला माहीत नाही, मी तेव्हा खाली दूध आणायला गेले होते. आल्यावर विचारलं तर आई काही बोलत नाहीत, खुर्चीतच बसून आहेत. दिवाही लावू देत नाहीत.

मी गाडीचा वेग वाढवला.

इमारतीखाली स्वाती उदयला धरायला आली. मी आधी वर गेले. दार उघडंच होतं. सवयीने आधी स्वयंपाकघरात पाहिलं. ओट्यावर तांदूळ पातेल्यात मोजून ठेवलेले, कोरडे. नारळ अख्खा. म्हणजे धाकटा दिसला नाही. एवढं करून, त्याच एका माथ्यासाठी, आणि उद्या सकाळी स्लॅब.

आई बाल्कनीत अंधारात बसली होती. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले. बाबांचंच वाक्य तोंडात आलं.

"चौथा दिसला का गं?"

"दिसला," ती म्हणाली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "आज पहिल्यांदा दिसला."

मला आधी वाटलं ती दमली आहे. मग तिने शांतपणे सांगितलं. जुन्या गच्चीवरून धाकटा तिला कधीच दिसला नव्हता. मधे गिरणीच्या गोदामाची कौलं यायची. बाबा उंच, त्यांना आढ्यावरून तो डोकावताना दिसायचा, आणि आपल्याला दिसतो म्हणजे हिलाही दिसत असणार, असंच ते धरून चालले. आईने पाट ठेवून पाहिला, पाटावर डबा ठेवून पाहिला, तरी समोर कौलंच. पहिल्या वर्षी बाबा घामाने निथळत आले आणि चपला काढायच्या आधी विचारलं, तेव्हा तिला नाही म्हणवलं नाही. एकदा हो म्हटल्यावर दरवर्षी हो. तिसरा दिसला की ती वाळत घातलेले कपडे काढायची, घड्या करायची, देवाच्या वाती वळायची, आणि म्हणायची, आता पोचले असतील. मग तांदूळ धुवायला जायची. भाताची वेळ कधी चुकली नाही.

"पण ते तिथे बसून माझ्यासाठी उजेड पाडायचे गं," ती म्हणाली. "आणि मी खाली कपड्यांच्या घड्या घालायची."

आज तिसरा दिसल्यावरही तिला सवयीने उठावंसं वाटलं होतं. पण उठली नाही. धुळीतून आधी नुसतं चमकलं, मग नाहीसं झालं, मग आलं ते राहिलंच. सूर्य लाल होईपर्यंत होतं. तिचे डोळे भरून आले होते पण ती हसत होती. म्हणाली, बघतच बसले, तांदूळ धुवायचे राहून गेले.

मी तिचा हात धरून बसले. त्या तिरक्या दगडावर बसलेला सहा फुटी माणूस माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

लिफ्टचं दार वाजलं. उदय स्वातीच्या खांद्याला धरून लंगडत आत आला, आणि बूट काढायच्या आधी, भिंतीला टेकून, त्याने विचारलं, "आई, चौथा दिसला का?"

"दिसला की," आई म्हणाली.

तेच दोन शब्द, त्याच आवाजात. मी उठले आणि तांदूळ धुवायला घेतले.